एका पैचा हिशेब

देवगिरीचा डोंगर चढणाऱ्या बहुतेकांची दृष्टि माथ्यावर खिळलेली असते. चांदमिनार, कातळ तासून केलेला खंदक, अंधारी भुयारी वाट आणि बारादरी हीं स्थळें पाहिलीं म्हणजे गड पाहिला, असें आपण समजतों. गडाच्या मोठ्या आठवणी ग्रंथांत सुरक्षित आहेत. यादवांची राजधानी येथें होती. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें आपली राजधानी दिल्लीहून येथें हलविली. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान तानाशहा १६८७ नंतर येथेंच बंदिवासांत राहिला.

परंतु माथ्याजवळ जनार्दनस्वामींची म्हणून दाखविली जाणारी एक गुहा आहे. तेथें घाईनें निघालेला प्रवासी क्वचितच थांबतो. स्वामी ह्या गडाचे अधिकारी व पैठणच्या एकनाथांचे गुरु. जमाखर्चांत एका पैची चूक राहिली, ती शोधण्यांत तरुण एकनाथांनीं सारी रात्र घालविली आणि चूक सांपडतांच आनंदानें टाळी वाजविली, असें परंपरा सांगते.

हें खरें कशावरून, असें कोणी विचारील. त्या रात्रीची वही कोणीं जपून ठेविलेली नाहीं. मग अशी आठवण जपणें म्हणजे असत्य जपणें होय काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. राजांच्या पदरीं लेखक होते, म्हणून त्यांच्या आठवणी कागदावर चढल्या. गडावर पाणी वाहणाऱ्यांच्या व मशाल धरून वाट दाखविणाऱ्यांच्या आठवणी केवळ मुखानेंच पुढें आल्या. लेखी पुरावा नाहीं एवढ्यासाठींच त्या टाकून देणें म्हणजे गरिबीला दंड करणें होय. उलट, भक्तीच्या भरांत त्यांस सिद्ध इतिहास म्हणणें हाहि सत्याचा अपराधच. पहिला मनुष्य हिशेबांत एक पै गाळतो, दुसरा एक पै वाढवितो. वही दोघांचीहि चुकते.

म्हणून ऐकलेलें ऐकलेलें म्हणूनच सांगावें, पण सांगावें अवश्य. वाटेंत कोणी गांवकरी बोट करून एखादी जागा दाखवूं लागला, तर माथा कांहीं पळून जात नाहीं. कथेंतील तरुणानें एका पैसाठीं रात्र दिली. आपणांस पाव घटका थांबणें जड कां व्हावें?