हळदीकुंकवाचा प्रोजेक्टर

दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली शाळाभेट होती. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीवरची दोनशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, पटावर २३ मुलं. मी केंद्रप्रमुख; माझ्याकडे ११ शाळा आणि एक जुनी मोटारसायकल. कपाट उघडायला सांगितलं. वरच्या खणात प्रोजेक्टर होता. खोक्यावर हळदीकुंकवाची बोटं, भोवती झेंडूची सुकून काळी पडलेली माळ, लेन्सच्या झाकणाला एक अक्षत चिकटलेली.

“गुरुजी, हा शेवटचा बाहेर कधी काढला होता?”

“दसऱ्याला,” ते म्हणाले.

मला हसू आलं. ते हसले नाहीत. मी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं, ‘तंत्रज्ञानाचा वापर समाधानकारक नाही.’ सही केली आणि पुढच्या शाळेकडे निघालो.

घाट उतरताना मात्र ती माळ डोळ्यांसमोरून हलेना. हत्याराची पूजा आपण वर्षातून एकदाच करतो. खंडेनवमीला विळा, कोयता, शिवणयंत्र, ट्रॅक्टर सगळ्यांना झेंडूचं फूल मिळतं. शाळेत पाटीपूजन होतं. एकाचे आकडे एकमेकांना जोडून काढलेली सरस्वती आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या बोटांत अजून आहे. पण दसरा झाला की तीच पाटी थुंकीनं पुसली जाते, दप्तरात आपटते, तिची चौकट निखळते. विळाही दुसऱ्या दिवशी गवतात जातो. पूजा म्हणजे राबणाऱ्याला एक दिवसाची सुट्टी. ज्याला वर्षभर सुट्टीच आहे, त्याची पूजा कसली? तो देव्हारा नव्हे, अडगळ.

हे मला पटलं, पण अर्धंच. त्या अडगळीत माझाही हात होता.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि आमच्या बैठकांची भाषा बदलली. ‘डिजिटल शाळा’, ‘तंत्रस्नेही शिक्षक’, ‘लोकसहभाग’. या वाडीतले निम्मे बाप्ये मुंबईला माथाडी काम करतात. पाठीवर पोती वाहणाऱ्या त्या माणसांनी वर्गणी काढून हा प्रोजेक्टर घेतला. मी उद्घाटनाला होतो, फोटो काढला, तक्त्यात ‘डिजिटल’ या रकान्यात ‘होय’ भरलं. पुढे २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी त्यांचं नाव झालं. बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं जाहीर केलं. आमच्यासारख्यांना ऊर भरून यावा अशी गोष्ट. मी तिचं काय केलं? दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत ती शिक्षकांच्या डोक्यावर आपटली. ‘तेही जिल्हा परिषदेचेच, तुम्हीही जिल्हा परिषदेचेच!’ शेजारच्याचा पोरगा पहिला आला म्हणून घरच्या पोराला बोल लावावेत, तसलं ते प्रोत्साहन. त्यानं कुणाचं कपाट उघडलं नाही.

पुढच्या भेटीला मी शेरेबुक न मागता नुसता बसलो. वरण-भात शिजत होता, बाहेर मुलं ताटं वाजवत होती. गुरुजींच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. घराण्यात पौरोहित्य, संस्कृत लहानपणीच तोंडी झालेलं. चहा आला तेव्हा ते आपणहून बोलले.

“साहेब, विद्या मुखातून कानात जाते. मध्ये श्वास लागतो. यंत्राला श्वास नाही. पाणिनीय शिक्षेत सहा प्रकारचे पाठक अधम सांगितलेत, त्यात लिहिलेलं बघून म्हणणारासुद्धा आहे. पुस्तक चालत नव्हतं तिथं तुमचा पडदा काय चालणार?”

मी वाद घातला नाही. त्या म्हणण्यात वजन होतं. वेद हजारो वर्षं कानांनीच टिकले. पण घरी जाताना दुसरी बाजू दिसू लागली. कानांनी टिकले म्हणजे आपोआप टिकले नाहीत. एक अक्षर हलू नये म्हणून पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले गेले. शब्द पुढे-मागे उलटसुलट गुंफून म्हणायचे, की चूक झालीच तर तिथल्या तिथं पकडली जावी. याला तंत्र नाही तर काय म्हणायचं? परंपरेचं तंत्राशी वैर कधीच नव्हतं. परक्या हातानं दारात आणून टाकलेल्या तंत्राशी ती अडखळते.

छापील पोथीचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात शाईत चरबी असते म्हणून धर्मनिष्ठ माणसं छापलेल्या कागदाला शिवायला कचरत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं, आणि त्यांच्या छापखान्यात शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याचं सांगतात. मला या गोष्टीत एक मोठा शिक्षक दिसतो. त्यानं लोकांना ‘मागासलेले’ म्हटलं नाही, परिपत्रक काढलं नाही. समोरच्या माणसाचा हात नेमका कुठे अडतो ते पाहिलं आणि तिथं त्याच्याच घरातलं तूप घातलं. आज त्याच घरांतल्या पोथ्या छापील आहेत आणि त्यांना सोवळ्यात हात लागतो.

मग प्रश्न असा पडला, की या गुरुजींचं तूप कुठलं?

पुढच्या वेळी मी म्हणालो, “गुरुजी, त्या दिवशी एकच अधम पाठक सांगितलात. उरलेले पाच कोण?”

ते खुलले. बोटांवर मोजत म्हणाले, “गाणं म्हटल्यासारखा सूर लावणारा. घाईनं म्हणणारा. डोकं हलवत म्हणणारा. अर्थ न कळता म्हणणारा. आणि ज्याचा आवाज घशातच अडकतो तो.”

नेमकं तेव्हाच शेजारच्या खोलीत तिसरीचं प्रकट वाचन चाललं होतं. आम्ही दोघं दारात जाऊन ऐकत राहिलो. एक सुरात हेल काढत होता. एकीचा आवाज पुस्तकाबाहेर येत नव्हता. एक मुलगा तर सुटलेल्या गाडीसारखा, पूर्णविरामाचा थांबा न घेता पानाच्या शेवटी जाऊन आदळला. वाचताना सगळ्यांची डोकी हलत होती. पाचांतले चार पाठक एका वर्गात हजर होते.

गुरुजी ओशाळून म्हणाले, “पहिलीपासून सांगतोय त्याला, सावकाश वाच. ऐकत नाही.”

“तो स्वतःला ऐकत नाही, गुरुजी. त्याला कधी ऐकायलाच मिळालेलं नाही.”

प्रोजेक्टर कपाटातच राहिला. गुरुजींनी खिशातला त्यांचाच फोन काढला. आवाज रेकॉर्ड करायची सोय त्यात होती, पण सापडेना. कपाळावर घाम आला. तेव्हा मला खरं कारण कळलं. पूर्वी एकदा पाहुण्यांसमोर प्रोजेक्टर सुरू होईना, मुलं हसली, आणि त्यानंतर कपाटाला कुलूप लागलं होतं. श्वासाचा सिद्धांत खराच होता, पण तो त्या कुलपावर नंतर चढवलेला होता. पस्तीस वर्षं फळ्यासमोर ज्याला सगळं येतं, त्याला मुलांसमोर काही येत नाही, हा तो विटाळ.

चौथीतली एक मुलगी पुढे आली. “गुरुजी, तिथं न्हाय. वर सरकवा. ते लाल हाय ना, ते दाबा.”

गुरुजींनी लाल दाबलं.

मुलगा वाचत सुटला. मग त्याला त्याचंच वाचन ऐकवलं. तो फोनकडे संशयानं बघत राहिला. “ह्यो मी न्हाय,” म्हणाला. पोरं हसली. पुन्हा ऐकलं. या वेळी मान तिरकी करून, कान लावून. मग हळूच म्हणाला, “लय पळतंय ते.”

स्वतःला तो ‘ते’ म्हणाला. ही घटना साधी नाही. आपल्याकडे साक्षीभावाबद्दल ग्रंथच्या ग्रंथ आहेत; करणाऱ्यानं बाजूला होऊन आपल्या करण्याकडे बघावं, हे साधायला माणसं आयुष्य घालवतात. इथं आठ वर्षांच्या पोरानं मिनिटभर का होईना, ते केलं होतं. शिक्षकाचा कितीही चांगला कंठ त्याला त्याचा स्वतःचा आवाज देऊ शकला नसता. आम्ही इतकी वर्षं यंत्राला शिक्षकाचं तोंड समजत होतो, म्हणून शिक्षकांना ते सवतीसारखं वाटत होतं. इथं ते मुलाचा कान झालं, आणि गुरुजींची जागा कणभरही हलली नाही.

उलट पुढचं सगळं काम गुरुजींचंच होतं. पोरगं सावकाश वाचायला लागलं, पण कुठे थांबायचं? धड्यातली म्हातारी गप्प होते तिथं आवाज का खाली यावा? हे फोनला माहीत नव्हतं. घाई, हेल, घशातला आवाज, डोक्याचे झोके हे दोष ऐकून-बघून कळतात. अर्थ न कळता वाचणारा मात्र कुठल्याही रेकॉर्डिंगनं सुधारत नाही. त्याच्याजवळ कुणीतरी बसावं लागतं. गुरुजी बसले. म्हातारी कशी दिसत असेल हे त्यांनी विचारलं, आणि प्रत्येक पोराची म्हातारी वेगळी निघाली.

परत निघताना ते म्हणाले, “मला पोरीनं शिकवलं, साहेब.” आवाजात थोडी लाज होती, थोडं आश्चर्य.

आमचं घराणं नरसोबाच्या वाडीचं. दत्ताला आपण गुरुदेव म्हणतो, पण भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला काय सांगतो? माझे गुरू २४. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी. त्या यादीत एक बालकही आहे. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, त्यामुळे ही यादी कीर्तनातून आपल्या आजीपर्यंत पोचलेली असते. पण गुरुपौर्णिमेला आपण तिचा अर्थ सोयीनं विसरतो. जो सगळ्यांचा गुरू, त्याची थोरवी त्यानं किती जणांपुढे पाटी धरली यावर ठरली. कबुतरापुढे शिष्य झाल्यानं दत्ताचं गुरूपण उणावलं नाही. मग चौथीतल्या मुलीपुढे गुरुजींचं का उणावेल?

त्याच यादीत पतंग आहे. दिव्याच्या रूपाला भुलून जळणारा. हरीण आहे, नादाला भुलून जाळ्यात जाणारं. हेही गुरूच, पण ‘असं करू नये’ हे शिकवणारे. माझ्या केंद्रात एका शाळेत भिंतीवर मोठा टीव्ही होता. प्रार्थनेनंतर तो सुरू व्हायचा, मधल्या सुट्टीपर्यंत चालायचा. मुलं चित्रासारखी बसलेली. शिक्षक शेजारी ऑनलाइन माहिती भरत असायचे. ती भरायला आम्हीच लावलेली. ती शांतता बघून मी शेरेबुकात ‘उत्तम’ लिहून आलो होतो. आता वाटतं, मी पतंगांना शाबासकी देत होतो.

पण अवधूताचा एक गुरू बाण करणारा कारागीर आहे. राजाची मिरवणूक दारावरून गेली तरी त्याला पत्ता नाही. तोही खिळलेला आणि पतंगही दिव्यावर खिळलेलाच. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, आणि तपासणीला जाणारा माणूस बाहेरूनच बघतो. मग फरक ओळखायचा कसा? मला सुचलेली खूण एवढीच: दिवा मालवल्यावर हातात काय उरतं ते बघा. कारागिराच्या हातात सरळ झालेला बाण असतो. टीव्ही बंद केल्यावर त्या मुलांना मी ‘काय बघितलं?’ विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नव्हतं. वाडीवरच्या पोराकडे फोन बंद केल्यावर त्याचं सावकाश वाचन उरलं होतं.

तेव्हापासून शिक्षकांना ‘तंत्रस्नेही व्हा’ असं मी म्हणालो नाही. स्नेह हुकमानं होत नाही. मी एवढंच विचारू लागलो, की तुमच्या वर्गात असं काय आहे जे तुम्हाला गेली कित्येक वर्षं सलतंय? कुणी म्हणालं, भागाकार. कुणी म्हणालं, मुलं घरी कोकणीवजा बोलतात, पुस्तक परकं वाटतं. मग त्या सलाला यंत्राचा काही उपयोग आहे का ते दोघं मिळून बघायचो. कधी असायचा, कधी नसायचा. नसला तर चिंचोके घेऊन बसायचो. खोऱ्यात पावसाळ्यात वीज चार-चार दिवस जाते, तेव्हा चिंचोक्यांचंच राज्य.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी मी त्या वाडीवर शेवटचा गेलो. प्रोजेक्टर कपाटातच होता. दिवा गेला होता म्हणे. मी काही बोललो नाही. गुरुजींचा फोन मात्र वर्गात या बाकावरून त्या बाकावर फिरत होता. काचेला तडा, कडेला शाईचा डाग, पाठीवर कुणाची तरी चिकट बोटं. पाटीसारखाच झाला होता.

शेरेबुक उघडलं. माझा जुना शेरा समोर आला. त्याखाली मी लिहिलं, ‘आता चौथीत असलेला एक विद्यार्थी पूर्णविरामाला थांबतो.’ आणि सही केली.