मापात पाप

माझे वडील बेळगावच्या रविवार पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात मापाडी होते. दशमान वजने येऊन काही वर्षे झाली होती, पण खेड्यावरून येणारी गिऱ्हाइके अजून शेर-पायलीतच बोलत. ज्वारीचे माप भरताना वडील वर शीग ठेवीत. हात फिरवून ते सपाट करणे त्यांना जमत नसे. मालक कधी कुरकुरले तर म्हणत, "सावकार, मापात पाप नको." हे शब्द ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. मापात पाप म्हणजे कमी मापून देणे, एवढाच त्यांचा अर्थ मी जन्मभर धरून चाललो होतो. त्यांना आणखी एक अर्थ आहे हे मला माझ्या नातवामुळे कळले. आणि तेही मी त्याच्यावर अन्याय केल्यानंतर.

गोष्ट २०२१ च्या पावसाळ्यातली. करोनाची दुसरी लाट ओसरत होती. मुलगा आणि सून घरूनच कामे करीत होती, नातू अकरावीत होता, आणि मी निवृत्त गणितशिक्षक. घरच्या इंटरनेटला महिन्याचा कोटा होता, दोनशे जीबींचा. तो संपला की वेग इतका उतरे की साधे पान उघडायचे तरी तोवर चहा पिऊन होई. जुलैत एकोणीस तारखेलाच कोटा संपला. सुनेची कचेरीतल्या लोकांशी बैठक चालू होती, ती अर्ध्यावर तुटली. घरात चौकशी सुरू झाली आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

कारण नातू खेळत असे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंदी घातलेला पबजी मोबाइल हा खेळ त्याच जुलैत 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला होता. चौघांची तुकडी करून, कानाला यंत्र लावून, एकमेकांशी बोलत खेळायचा लढाईचा खेळ. यात पैसे लावण्याचा प्रकार नव्हता, हे आधी सांगतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली, तो विषय निराळा. माझी तक्रार कोट्याची होती. मी फर्मान काढले, महिनाभर खेळ बंद.

"आजोबा, माझ्यानं नाही संपत ते," तो म्हणाला.

"मग कुणाच्यानं? आम्ही काय बंदुका घेऊन पळतो?"

तो पुढे काही बोलला नाही. ऑगस्टमध्ये एकवीस तारखेला कोटा पुन्हा संपला.

त्या संध्याकाळी तो माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसला. राउटरमध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राचा वेगळा हिशेब दिसतो, हे मला तेव्हा प्रथम समजले. दोनशेपैकी एकशे अठरा जीबी एकाच ओळीवर होते. "आजोबा, हा टी.व्ही. तुमचाच की!" रोज संध्याकाळी चार-चार तास मी जुनी संगीत नाटके आणि कीर्तने मोठ्या पडद्यावर, स्वच्छ चित्रात पाहत होतो. अशा चित्राला तासाला दीड-दोन जीबी सहज लागतात. उलट त्याचा खेळ प्रत्यक्ष खेळताना तासाला शंभर एमबीच्या आतबाहेर घेतो. म्हणजे एका जीबीत दहा तासांचा खेळ. मधूनमधून खेळाची नवी आवृत्ती उतरवून घ्यावी लागते तेव्हा तेवढे एक-दोन जीबी एकदम जातात. तेही धरून त्याचा जुलैचा सगळा हिशेब माझ्या एका संध्याकाळीत बसत होता.

आता त्याचे काय गेले ते सांगतो. त्याच्या तुकडीत एक मुलगा हुबळीचा, एक कोल्हापूरचा, एक मडगावचा. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या मुलांची एक स्पर्धा होती. याचा खेळ बंद झाल्यावर तिघांनी चौथा गडी शोधला, आणि स्पर्धा झाल्यावर त्यालाच ठेवून घेतले. त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही. शाळेत इतकी वर्षे शिकून नातवाच्या तोंडी जे कानडी बसले नव्हते, ते हुबळीच्या त्या मुलाशी "बेग बा, हिंदे इद्दाने!" असे ओरडता ओरडता बसत चालले होते. तेही थांबले.

मी गणिताचा माणूस. आकड्याने मला फसवले याचे मला नवल वाटत राहिले. आकडा तर खरा होता. दोनशे जीबी खरोखरच संपले होते. मग पाप कुठे झाले?

थोडा विचार केल्यावर मला असे वाटू लागले की माप दोन तऱ्हांनी खोटे होते. एक, कमी भरले तर. दुसरे, जे मोजायचे ते सोडून भलतेच मोजले तर. ज्वारी वजनाने विकावी हे ठीक. पण पोस्टमनचा पगार त्याच्या पिशवीच्या वजनावर ठरवला तर? ऑनलाइन खेळणाऱ्याला नेमके काय लागते ते पाहा. त्याचा निरोप लहान असतो, मी कुठे उभा आहे, कुणीकडे वळलो, एवढाच. पण तो तिकडे क्षणात पोचावा लागतो. या विलंबाला ती मुले 'पिंग' म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. चित्रपट पाहणारा मालाचा ट्रक, तर खेळणारा सायकलवरचा तारवाला. जीबीचा काटा दोघांना एकाच वजनकाट्यावर उभे करतो. आणि कोटा संपून वेग उतरला की ट्रक हळू का होईना पोचतो. उशिरा पोचलेल्या तारेला मात्र काही अर्थ उरत नाही.

कुणी म्हणेल, वापराप्रमाणे पैसे यात वाईट काय? पाण्याचे, विजेचे आपण देतोच ना? हा प्रश्न बेळगावकराला नवा नाही. २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा येथील काही भागांत चोवीस तास पाणी आणि घरोघर मीटर अशी योजना आली, तेव्हा कट्ट्या-कट्ट्यावर याच वादाच्या मैफली झडल्या. मी तेव्हा मीटरच्या बाजूने होतो, आजही आहे. राकसकोप जलाशयातून आलेली घागर मी अंगणात ओतून टाकली तर ती गेली. दुसऱ्या कुणाला ती मिळायची नाही. विजेच्या युनिटामागे कुठे तरी कोळसा जळतो.

जीबीचे तसे नाही. रात्री तीन वाजता मी जो जीबी वापरला नाही तो कुठल्याही जलाशयात साठून राहत नाही. तार तशीच पडून असते, रिकामी. इंटरनेटचा खरा खर्च तार टाकण्याचा, मनोरे आणि यंत्रे उभारण्याचा, ती चालू ठेवण्याचा. आणि ती किती मोठी लागतील हे ठरते रात्री नवाच्या गर्दीवरून, जेव्हा सगळी गल्ली एकदम जागी असते. माझे ओझे दुसऱ्यावर पडते ते तेव्हा. दिवाळीच्या आदल्या दिवशी एस.टी.त शिरणारा प्रवासी आणि भर दुपारच्या रिकाम्या गाडीत बसणारा प्रवासी, दोघांनी अंतर सारखेच कापले तरी इतरांना होणारी अडचण सारखी नसते.

ही गोष्ट आपल्याकडे एके काळी ठाऊक होती. एस.टी.डी. बूथच्या काळात रात्री उशिरा दर पावावर येई, म्हणून मुंबई-पुण्याच्या नातलगांना फोन करायला लोक जेवणे उरकून बूथसमोर रांग लावीत. पुढे सरकारी ब्रॉडबँडच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ मोजणीच नसे. त्या वेळचे तरुण गजर लावून उठत आणि मोठाले खेळ उतरवून घेत. आम्ही त्यांना निशाचर म्हणून नावे ठेवली. खरे तर गर्दी टाळून आपले काम करणारी ती शहाणी गिऱ्हाइके होती. ते माप कटकटीचे असेल, पण ते ओझे मोजत होते.

२०२० च्या मार्चने तर या प्रश्नाची जणू परीक्षाच घेतली. अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनीने २००८ मध्ये घरगुती ग्राहकांना महिना २५० जीबींची मर्यादा घातली होती. नंतरच्या वर्षांत ती वाढत गेली. टाळेबंदीत सगळा देश घरी बसला आणि वापर एकदम चढला, तेव्हा याच कंपनीने मर्यादा जूनअखेरपर्यंत उठवली. जाळे कोसळले नाही. मर्यादा जर गर्दीपासून जाळे वाचवण्यासाठी असेल, तर सर्वांत मोठ्या गर्दीत ती काढून कशी ठेवता आली? त्याच दिवसांत भारतात चित्रफिती दाखवणाऱ्या कंपन्यांनी मोबाइलवरच्या चित्राचा दर्जा उतरवला, आणि सोनीने युरोपात खेळ उतरवून घेण्याचा वेग कमी केला. प्रत्यक्ष खेळण्याला हात लावला नाही. खरी वेळ आली तेव्हा ओझे कशाचे आहे हे सर्वांना बरोबर कळत होते.

तरीही दुसरी बाजू मांडल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. आमच्या शेजारच्या आजी दिवसातून दोन फोटो आणि लेकीचा एक फोन, एवढ्यासाठी इंटरनेट घेतात. सगळ्यांना सरसकट एकच दर लावला तर शंभर-शंभर जीबींचे खेळ उतरवणाऱ्याचा भार थोडा त्यांच्याही डोक्यावर बसेल. त्यांना कमी पैशांत थोडे मिळावे, ही मागणी न्याय्यच आहे. माप असू नये असे मी म्हणत नाही. ज्याच्या पदरी ते घालायचे त्याने दुसऱ्यावर किती भार टाकला, हे त्यातून दिसावे, एवढेच म्हणतो.

आणि प्रत्यक्षात मर्यादेचा काच बसतो तो कुणाला? रात्री आमच्या कट्ट्यावर गल्लीतला एक मुलगा येऊन बसतो. वडील रोजंदारीवर. घरी तार नाही. मोबाइलवर दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज. खेळाची नवी आवृत्ती आली की त्याचा अख्खा दिवस तिच्यातच जातो, आणि मग तुकडी खेळते, हा बघत बसतो. ज्या दिवशी तो कामात असतो त्या दिवशीचा उरलेला जीबी रात्री बाराला नाहीसा होतो. रविवार पेठेत मजूर रोजची अर्धा शेर ज्वारी नेत. पण त्यातली मूठभर उरली तर ती त्यांच्या डब्यात राही. रात्री बारा वाजता दुकानदार ती परत न्यायला येत नसे. जास्त घेणाऱ्याला वाचक म्हणतात की वापर आवरा. मला वाटते, आधी थोडे थोडे घेणाऱ्याच्या डब्याकडे पाहावे.

पुढे आम्ही योजना बदलली. नव्या योजनेचे नाव 'अमर्याद' आणि खाली बारीक अक्षरांत तिची मर्यादा, महिना ३३०० जीबी. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला अमर्यादाला मर्यादा पाहून हसू आले. पण आमच्या घराला ती पुष्कळ आहे. मी टी.व्ही.वरचे चित्रही एक पायरी उतरवून घेतले. नाट्यगीत ऐकायला चित्र असे किती लागते?

परंतु या सगळ्यात मला जी गोष्ट लागून राहिली ती तारेची नव्हे, घराची. आपल्याकडे जेवणाऱ्याच्या पानातल्या पोळ्या मोजू नयेत असा दंडक आहे. आई सांगे, मोजलेली पोळी अंगी लागत नाही. त्या कोट्याने आमच्या घरात मोजणी आणली. मोजणी आली की संशय येतो. आणि संशय नेहमी त्याच्यावर जातो ज्याचा आनंद आपल्याला समजत नाही. माझे नाटक ती संस्कृती, सुनेची बैठक ते काम, आणि पोराचा खेळ मात्र उधळपट्टी, हा निवाडा मी आकडा पाहण्याआधीच दिलेला होता. मापात पाप होते ते कंपनीच्या मापात किती, हे इतरांनी ठरवावे. माझ्या मापात ते नक्की होते. माप सपाट करण्याच्या बहाण्याने मी त्याच्या वाट्यावरून हात फिरवला.

त्या वर्षी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर फराळाला बसताना मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "बाळ, माझं चुकलं." तो चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "असू दे की, आजोबा." तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. तुकडीतली जागा त्याला परत मिळाली नाही. आता तो इंजिनियरिंगला हुबळीला आहे, आणि त्याचे कानडी म्हणे चांगलेच सुधारले आहे.

कट्ट्यावरच्या मुलाला मी आमच्या वाय-फायचा पासवर्ड देऊन ठेवला आहे. राउटरवर त्याच्या मोबाइलची ओळ दिसते. तिच्यापुढचा आकडा मी वाचत नाही.