तांडेलाचे दोन वाटे

मिरकरवाडा बंदरातल्या एका नौकेचा हिशेब वर्षानुवर्षं ठरलेला होता. मासळीच्या पैशांतून डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च वजा करायचा. उरलेल्यातलं अर्धं मालकाचं, अर्धं माणसांचं. त्या अर्ध्यात खलाशाला एक वाटा, नौका चालवणाऱ्या तांडेलाला दोन.

मालकाने दुसरी नौका बांधायला घेतली आणि तांडेलाला बोलावलं. "आता दोन्ही नौका तू सांभाळ. वाटे बंद करू. खलाशांना ठरावीक पगार, तुला नफ्याचे दहा टक्के. कंपन्यांतल्या साहेबांना असंच मिळतं."

तांडेलाची मुलगी गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात बी. कॉम. करत होती. ती म्हणाली, "शेठ बरोबर सांगतात. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 197 आहे. सार्वजनिक कंपनीच्या संचालक-व्यवस्थापकांना सगळ्यांना मिळून निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांपर्यंतच देता येतं."

"म्हणजे हद्द आहे."

"आहे. पण भागधारकांनी सभेत मंजुरी दिली की ओलांडता येते."

"आणि कामगार नको म्हणाले तर?"

"त्यांना कोण विचारतंय, बाबा?"

सकाळी तांडेल मालकाकडे गेला. "शेठ, खलाशांचा पगार कापला तर माझे दहा टक्के कमी होतील काय?"

मालक हसला. "अरे, वाढतील! खर्च घटला की नफा वाढलाच."

"मग नको. भर वाऱ्यात जाळं अडकतं तेव्हा हीच पोरं माझ्या एका हाकेवर धावतात. त्यांचं कापून माझं वाढणार असेल, तर हाक कुठल्या तोंडाने मारू? माझे दोन वाटेच राहू द्या. खलाशाला लाख मिळाले तर दोन लाख घ्यायला मी लाजणार नाही."

मालकाला हे पटलं नाही. पण एवढा जाणता तांडेल दुसरा कुठे मिळणार? वाटे राहिले.

कमाईलाच हद्द घालून आपल्या सरकारने पाहिलं आहे. 1973-74 मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्के होता. एवढ्या करामुळे चुकवेगिरी वाढते, असं सरकारनेच नेमलेल्या वांछू समितीने 1971 मध्येच सांगितलं होतं. 1974-75 मध्ये दर 77 टक्क्यांवर आला. तांडेलाने रकमेला हात लावला नाही, आपल्या आणि खलाशाच्या कमाईतली पट तेवढी पक्की करून घेतली. मला त्याचा हिशेब समितीच्या तोडीचा वाटतो.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना प्रत्येक संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे, हे दरवर्षी जाहीर करावं लागतं. ती पट किती असावी, याबद्दल कायद्यात एक अक्षरही नाही.