दोन गुंठे खपली

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मामा वाळव्याहून क्षेत्र महाबळेश्वरला आले. नव्या खपली गव्हाच्या लोंब्या देवाला वाहायच्या होत्या. मी गव्हाच्या जनुकांवर काम करते. सकाळीच इथल्या गहू गेरवा संशोधन केंद्रातले वाफे पाहून आले होते. दर्शन झाल्यावर पंचगंगेच्या देवळात, गोमुखातून पडणाऱ्या पाण्याजवळ टेकलो. मामांनी उरलेली एक लोंबी तळहातावर चोळली. दाणे सुटले नाहीत. लोंबीचेच तुकडे पडले आणि तुकड्यातुकड्यात दोन-दोन दाणे टरफलात घट्ट राहिले.

“साधा गहू असा चोळला की दाणे मोकळे होतात,” मामा म्हणाले. “ही मळली तरी टरफलातच. मग गिरणीवर न्या, सडायची मजुरी द्या, वर चुरा होतो तो वेगळाच. तुमच्या त्या कात्रीनं हे टरफल सोडवता येईल का गं?”

“वाट दिसते, मामा. ‘क्यू’ नावाचं एक जनुक आहे. खपलीतलं क्यू आणि साध्या गव्हातलं क्यू यांत डीएनएच्या मोजक्या अक्षरांचा फरक, आणि त्यातलं एक अक्षर कळीचं. टरफल चिवट ठेवणारं दुसरंही एक जनुक आहे, तेही बदलावं लागेल.”

“एवढ्या पसाऱ्यात नेमकं एक अक्षर गाठता कसं?”

“असा नेम धरायची विद्या आधी उंदरांत साधली. कापेची, इव्हान्स आणि स्मिथीज यांना त्यासाठी 2007 चं नोबेल मिळालं. 2012 मध्ये क्रिस्परची रीत समोर आली आणि काम पुष्कळ सोपं झालं. एक वाटाड्या रेणू जुळणारी अक्षरं शोधतो, त्याच्यासोबतचं प्रथिन तिथं काप घेतं. सांधायचं काम पेशीच करते. त्या सांध्यात आपण हवा तो बदल बसवायचा. परकं जनुक मागे राहत नाही, म्हणून 2022 पासून आपल्याकडे अशा पिकांना जीएमच्या बऱ्याच नियमांतून सूट आहे. 2025 मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीरही झाले.”

“मग अडलंय कुठं?”

“माझ्या मनात. टरफल गेल्यावर तिला खपली म्हणायचं का?”

मामांचा आवाज चढला. “तुझी आजी उखळात ही खपली कांडायची. खिरीपुरती सडायची म्हटलं तरी मुसळानं हाताला फोड यायचे. तुला टरफल दिसतं, मला तिचे हात दिसतात.”

मी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हटलं, “हात मलाही आठवतात. पण टरफलामुळे कणगीतल्या किड्याला दाण्यापर्यंत सहज पोचता येत नाही. आणि क्यूचं काम तेवढंच नाही. लोंबीचा आकार, रोपाची उंची, फुलोऱ्याची वेळ, सगळ्यात त्याचा हात असतो.”

“म्हणजे घरातला कर्ता माणूस. एका कामातून काढला की चार कामं अडायची.”

“तेच. नेम चुकला नाही, तरी घाव कुठवर पोचला ते शेतातच कळतं. तांबेऱ्याचंच बघा. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला 1922 मध्ये स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी गव्हाचे जे 12 वाण घेतले, त्यांत खपली होती. ऑस्ट्रेलियात खपलीशी संकर करून गहू काढला, त्याचं नाव ‘खॅपस्टीन’. युगांडातून पसरलेल्या तांबेऱ्यासमोर टिकणारं ‘एसआर 13’ जनुक 2017 मध्ये नेमकं हाती लागलं. तेही खपलीत आहे. हे जनुक कुणी राखलं? ज्यांना जनुक हा शब्दही माहीत नव्हता, त्यांनी. खीर चांगली होते, शेवया चांगल्या होतात म्हणून ते पेरत राहिले. आज नको वाटतंय त्याच्यासोबत आणखी काय जाईल, याची मला भीती वाटते.”

“असं म्हटलं तर कुणी कशाला हातच लावायला नको. उंच खपली वाऱ्यानं लोळायची. पुण्याच्या आघारकर संस्थेनं एमएसीएस 2971 ही बुटकी खपली काढली, तेव्हा कुणी तिचं नाव काढून घेतलं नाही. आणि सडायला परवडत नाही म्हणून शेतकऱ्यानं खपली सोडली, तर टरफलही जाईल, दाणाही जाईल. मग तू राखणार काय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हात लावला तरी काहीतरी गमावायचं, नाही लावला तरी गमावायचं. शेवटी विचारलं, “मग टरफल हा दोष की गुण, हे ठरवायचं कुणी?”

“जो पिकवतो, सडतो, खातो, त्यानं. कुठं कापायचं ते तुझी कात्री सांगेल. कापायचं का, हे तिला विचारू नको. मला विचारलंस तर मी नवं बी अर्धा एकर पेरीन. पण पिशवीवर नाव वेगळं पाहिजे. खपलीचे पैसे मोजणाऱ्याला काय घेतोय ते कळलं पाहिजे. आणि बांधालगत दोन गुंठे जुनीच राहील.”

“बी शीतगृहात ठेवलेलं असतंच की, मामा.”

“तिथं तांबेरा येतो का? दरसाल त्याच्याशी गाठ पडते ती शेतात. पण त्या दोन गुंठ्यांचा खर्च माझ्या एकट्याच्या माथी कशाला?”

“नकोच. आजवर ज्यांनी ज्यांनी या दाण्यातून घेतलं, त्या सगळ्यांनी तो उचलावा. नवं बी निघालं, तर त्याच्या कमाईतून पहिला वाटा या दोन गुंठ्यांचा. ही अट मान्य नसेल, तर मी त्या अक्षराला हात लावणार नाही.”

मामा हसले नाहीत, मान हलवली. फरशीवर पडलेले लोंबीचे तुकडे एकेक करून वेचले आणि पिशवीत टाकले.

“एवढे चार दाणे कशाला, मामा?”

“बियाणं आहे. सडलेली खपली खायची. पेरायची ती टरफलासकटच.”