चौकटीतली तार

थरच्या वाळवंटात कॅमेरा घेऊन निघालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कुठे जायचं ते बहुधा आधीच ठाऊक असतं. जैसलमेरच्या पश्चिमेला सम, तिथल्या वाळूच्या टेकड्या, मावळता सूर्य, ओळीने चाललेले उंट. स्पर्धेला पाठवायला असा फोटो देखणाच असतो. पण थरचं बरंचसं जीवन या टेकड्यांपासून दूर आहे. ते आहे सपाट, खडकाळ माळावर, सेवण गवताच्या पिवळट ठोंबांत, खेजडीच्या विरळ सावलीत. पहिल्या नजरेला तिथे काहीच दिसत नाही. आणि ज्या मुलांना हे 'काहीच न दिसणं' सोसवतं, त्यांच्याच हातून पुढे खरे फोटो निघतात, असं मला वाटतं.

सांडा घ्या. काटेरी शेपटीचा हा सरडा रात्री बिळाचं तोंड मातीने लिंपून आत बसतो. ऊन चढलं की आधी नुसतं डोकं बाहेर काढतो. तेव्हा त्याचं अंग काळपट असतं, म्हणजे ऊन लवकर शोषलं जातं. तापला की वाळूसारखा फिकट होतो. मांडीपाशी एक निळी झाक असते, ती पाहायची तर जमिनीला पोट टेकूनच पाहावी. आपली सावली बिळावर पडली की स्वारी आत. मग पुन्हा कोपरं रुतवून पडून राहायचं. त्या वयाच्या मुलांना इतकं स्वस्थ राहायला शिकवणं आईबापांनाही जमत नाही, सांड्याला जमतं. गवतपाल्यावर जगणाऱ्या या जीवाला त्याच्या तेलाने सांधे बरे होतात या खुळ्या समजुतीपायी लोक मारतात. त्याला असं जवळून पाहिलेला मुलगा ते तेल कधी विकत घेईल, हे मला खरं वाटत नाही.

स्पर्धेतल्या मुलांना सगळ्यात हवा असतो तो गोडावण, म्हणजे आपला माळढोक. जगात दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या परिसरातच आहेत. मादी बहुधा एका विणीला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. फोटोच्या हौसेने कोणी जवळ गेलं आणि ती उठली, तर ते अंडं कोल्ह्याचं किंवा घोरपडीचं. म्हणून विणीच्या दिवसांत तिथे जायचंच नाही. यात मुलांशी घासाघीस करू नये.

पण माळढोकाला आज सगळ्यात मोठा धोका आहे तो विजेच्या तारांचा. पक्षी जड, उडताना चटकन वळता येत नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरचं नीट दिसत नाही. सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांसाठी या माळावर खांब उभे राहिले. देगराय मातेच्या ओरणातूनही, म्हणजे देवराईतूनही, जिथे गावकरी झाडाला कुऱ्हाड लावू देत नाहीत, उच्च दाबाच्या तारा गेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या. 2024 मध्ये तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला.

आता फोटोचं बघा. माळावर चिंकारा उभा आहे, मागे आकाश, आणि आकाशात तारा. मुलगा काय करतो? दोन पावलं सरकून तारा चौकटीबाहेर ठेवतो. ते जमलं नाही तर घरी येऊन संगणकावर खोडतो. हल्ली एका बोटाने खोडता येतात. त्याला कोणी तसं सांगितलेलं नसतं. स्वच्छ चित्र म्हणजे चांगलं चित्र, हे त्याने आपल्याच पाहण्यातून उचललेलं असतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' ही स्पर्धा 1965 मध्ये सुरू झाली. तिच्यात सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वेगळे गट असतात. चित्रात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, हा नियम त्यांनाही मोठ्यांइतकाच लागू. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांनी एवढं तरी जसंच्या तसं उचलावं.

मला तर वाटतं, परीक्षकांनी आणखी पुढे जावं. लांब भिंगाने टिपलेला डोळ्याचा, चोचीचा भरगच्च फोटो दरवेळी पहिला येतो. त्यात प्राणी दिसतो, त्याचं घर पुसलं जातं. मग लोक पक्ष्यावर जीव लावतात आणि गवताला पडीक जमीन समजून बसतात. सोलापूरजवळच्या नान्नजला आपण हे पाहिलं आहे. सोलापूर-नगरकडच्या माळांवर माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, आणि आज तिथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. माळ नांगरला गेला, बांधला गेला, पाण्याखाली आला. त्या माळाचे, नुसत्या गवताचे, किती फोटो आपण जपून ठेवलेत?

तेव्हा यंदा कुणाचा मुलगा किंवा मुलगी अशा स्पर्धेसाठी वाळवंटात जाणार असेल, तर प्राणी लहान आणि जमीन मोठी असा एक तरी फोटो त्यांना काढू द्या. तारा असतील तर असू द्या. आणि फोटोखाली वेळ, भिंग, कॅमेरा लिहितात तिथेच लिहायला सांगा: गवत कोणतं, ओरण कोणत्या गावाचं, खांब किती दूर होते.