परत जा, असे कोणी म्हणावे?

घरादाराला पारख्या झालेल्या माणसाला भाकरी द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी कोणालाच पडत नाही. भूक दिसते, उघड्यावर झोपलेली मुले दिसतात आणि हात आपोआप खिशाकडे जातो. रविवारच्या मिस्सेनंतर मदतनिधीच्या पेटीत आपण जे काही टाकतो, त्यामागे फारसा तात्त्विक ऊहापोह नसतो आणि तो नसावाही. परंतु भाकरीची सोय झाली, डोक्यावर पत्र्याचे का होईना छप्पर आले, की दुसरा एक प्रश्न हळूच पुढे सरकतो आणि तो पहिल्याहून अवघड असतो. धर्माच्या नावाखाली ज्यांना गावातून हुसकून लावले, त्यांनी पुढे काय करावे? त्याच गावी परतावे, की जिथे निर्भयपणे जगता येईल अशा दूरदेशी निघून जावे? मदत करणाऱ्याने त्यांना कोणता सल्ला द्यावा? मुळात असा सल्ला देण्याचा त्याला अधिकार तरी आहे काय?

या प्रश्नाचा विचार अधांतरी करण्यापेक्षा एखाद्या प्रत्यक्ष भूमीवर उभे राहून करावा, असे आम्हांला वाटते. आमच्या डोळ्यांसमोर आहे ती इराकच्या उत्तरेकडील निनवेच्या मैदानाची भूमी. योना संदेष्ट्याच्या कथेमुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे. मोसुल शहराभोवतीच्या या सपाट प्रदेशात ख्रिस्ती, यझिदी, शबक आणि मुसलमान शतकानुशतके शेजारी म्हणून राहत आले. तेथील ख्रिस्ती लोक आजही अरमाईक भाषेची एक बोली बोलतात. प्रभू येशूच्या मुखी जी भाषा होती, तिचीच ही दूरची लेक. केरळातील सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या उपासनाविधीचे मूळही तेथील खाल्डियन ख्रिस्तसभेप्रमाणे पूर्व सिरियाक परंपरेतच आहे. तेव्हा ही माणसे आपल्याला अगदीच परकी नाहीत.

१० जून २०१४ रोजी मोसुल शहर 'इस्लामिक स्टेट'च्या हाती पडले. जुलै महिन्यात तेथील ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर 'नून' हे अरबी अक्षर रंगवण्यात आले. 'नसारा', म्हणजे ख्रिस्ती, या शब्दाचे ते आद्याक्षर. धर्म बदला, जिझिया भरा किंवा शहर सोडा; नाहीतर तलवार आहेच, असे फर्मान निघाले. ३ ऑगस्टला सिंजार भागातील यझिदींवर हल्ला झाला. पुरुषांची कत्तल झाली आणि स्त्रिया-मुलींना गुलाम म्हणून विकण्यात आले. त्यानंतर तीनच दिवसांनी, प्रभूच्या रूपांतराच्या सणाच्या रात्री, काराकोश हे सुमारे ५० हजार वस्तीचे गाव काही तासांत रिकामे झाले. इराकमधील ते सर्वांत मोठे ख्रिस्ती गाव. मैदानातून परागंदा झालेल्या ख्रिस्ती लोकांची संख्या लाखाच्या वर होती.

एर्बिल शहराच्या अंकावा या ख्रिस्ती वस्तीत हे लोक येऊन पडले. ऑगस्टच्या उन्हात चर्चच्या आवारात, शाळांच्या वर्गांत आणि अर्धवट बांधलेल्या इमारतींत त्यांनी दिवस काढले. पुढे पत्र्याच्या खोल्या आल्या. ख्रिस्तसभेने भाड्याने घरे घेतली आणि एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन कुटुंबे राहू लागली. जगभरच्या श्रद्धावंतांच्या दानातून शाळा व दवाखाने उभे राहिले. भाकरीचा प्रश्न अशा प्रकारे कसाबसा सुटला. मग ऑक्टोबर २०१६मध्ये काराकोश मुक्त झाले आणि तो दुसरा प्रश्न दारात येऊन उभा राहिला.

गाव मुक्त झाले, पण उरले काय होते? चर्च जळलेले, अंगणात बंदुकीच्या नेमबाजीच्या खुणा, घरे लुटलेली. संपूर्ण मैदानात सुमारे १३ हजार घरांची हानी झाल्याचे पाहणीत आढळले. मार्च २०१७मध्ये खाल्डियन कॅथलिक, सिरियाक कॅथलिक आणि सिरियाक ऑर्थोडॉक्स या तीन ख्रिस्तसभांनी एकत्र येऊन पुनर्बांधणी समिती स्थापन केली. एकेक घर दुरुस्त होऊ लागले. काराकोशची निम्म्याच्या आसपास वस्ती परतली. उरलेले लोक एर्बिललाच राहिले, किंवा जॉर्डन, लेबनॉनमार्गे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, युरोप अशा वाटांना लागले.

जे परतले नाहीत, त्यांच्याविषयी आपण काय म्हणावे?

एक बाजू अशी की, त्यांनी परतायलाच हवे होते. या भूमीतील ख्रिस्ती जीवन जवळजवळ दोन हजार वर्षांचे आहे. २००३ पूर्वी इराकमध्ये दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती होते. आज ती संख्या तीन लाखांच्याही आत मानली जाते. अखेरचे कुटुंब निघून गेले, की प्रार्थनेची भाषा, सणांच्या चालीरीती, आजोबांच्या कबरी हे सारे पोरके होणार. जाळणाऱ्यांना हवे होते तेच आपण आपल्या पायांनी चालत जाऊन पूर्ण करणार. शिवाय हानी केवळ जाणाऱ्यांची होत नाही. १९४८च्या सुमारास इराकमध्ये लाखाहून अधिक यहुदी होते. १९५०-५१ या दोन वर्षांत त्यांतील बहुतेक सगळे विमानांनी इस्राएलला गेले आणि बगदादच्या व्यापारात, संगीतात नि साहित्यात त्यांनी धरलेली जागा रिती झाली. शेजारी गमावलेले गाव स्वतःही थोडे गमावते. म्हणूनच तेथील बिशपांनी आपल्या लोकांना राहण्याची कळकळीची विनंती केली, ती आम्हांला समजू शकते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या शेजाऱ्याच्या लग्नात आपण जेवलो, त्यानेच आपल्या घरातील शिवणयंत्र उचलून नेले, हे ज्या माउलीला ठाऊक आहे, तिला आपण कोणत्या तोंडाने सांगणार की, बाई, दोन हजार वर्षांच्या परंपरेसाठी तू पुन्हा त्याच गल्लीत जाऊन राहा? परंपरा ही माणसांसाठी आहे. मुलांना निर्धास्त झोप मिळावी म्हणून देश सोडणाऱ्या बापाला पळपुटा म्हणणे हा अन्याय होय. याचा एक दाखला तर आपल्या अंगणातच आहे. एकोणिसाव्या शतकात बगदादचा वाली दाऊद पाशा याच्या जाचामुळे डेव्हिड ससून या यहुदी गृहस्थांनी ते शहर सोडले आणि बुशहरमार्गे ते मुंबईत आले. मुंबईचे ससून वाचनालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय यांची नावे घेताना आपण एका निर्वासिताचे नाव घेतो, हे कितीजणांच्या ध्यानी येते? त्यांना कोणी 'परत जा' म्हटले असते, तर आपलेच नुकसान झाले असते.

दोन्ही बाजू खऱ्या असतील, तर निवाडा कसा करावा? आम्हांला असे वाटते की, येथे 'काय सांगितले' यापेक्षा 'कोणी सांगितले' हे आधी पाहावे. अंकाव्याचा धर्मगुरू जेव्हा लोकांना 'राहा' म्हणतो, तेव्हा तो स्वतः तेथे राहत असतो. जो धोका त्यांना, तोच त्यालाही. एर्बिलचे आर्चबिशप बशर वर्दा यांनी २०१५ साली, शत्रू तासाभराच्या अंतरावर असताना, तेथे कॅथलिक विद्यापीठ स्थापन केले. असा माणूस लोकांना राहण्याचे कारण देतो आणि त्याची किंमतही स्वतः मोजतो.

याउलट हंगेरीचे उदाहरण घ्या. त्या सरकारने तेलस्कुफ गावातील घरांच्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम दिली, आणि त्यामुळे अनेक कुटुंबे खरोखरच परतली. या उपकाराला आम्ही कमी लेखत नाही. परंतु संकट जिथे आहे तिथेच मदत पोहोचवावी, हे त्या सरकारचे ब्रीद होते आणि २०१५ साली त्याने आपल्या सीमेवर कुंपणही उभारले होते. कुंपणाच्या आतून दिलेला 'आपल्याच गावी राहा' हा सल्ला आणि गावात राहून दिलेला तोच सल्ला, यांचे शब्द सारखे असले तरी वजन सारखे नाही.

सक्तीची आणखी एक तऱ्हा यझिदींच्या वाट्याला आली. इराक सरकारने जानेवारी २०२४मध्ये ठरवले की, कुर्दिस्तानातील निर्वासित छावण्या ३० जुलैपर्यंत बंद कराव्यात आणि परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ४० लाख दिनार द्यावेत. पण सिंजारमध्ये घरे पडलेली, निरनिराळे सशस्त्र गट तळ ठोकून बसलेले. २०२०च्या ऑक्टोबरात बगदाद व एर्बिल यांच्यात झालेला सिंजारविषयक करार बव्हंशी कागदावरच राहिलेला. अनेक कुटुंबांना सामूहिक थडग्यांतील आपल्या माणसांच्या अस्थींची ओळखही पटलेली नव्हती. मुदत उलटली तरी हजारो लोक तंबूंतच राहिले. तंबू काढून घेऊन माणसाला घरी जायला सांगणे, याला परतणे म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांची १९९८ची अंतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे याबाबतीत स्पष्ट आहेत: परतणे स्वेच्छेने, सुरक्षितपणे आणि सन्मानाने व्हावे, आणि ज्याला परतायचे नसेल, त्याला देशात अन्यत्र वसण्याची मुभा असावी.

येथे एक आक्षेप येईल. प्रत्येकाला मोकळीक दिली, तर समाजच विरून जाईल. मग पुनर्बांधणीवर एवढा पैसा ओतायचा कशाला? निम्मी घरे कुलूपबंदच राहणार असतील, तर ते दान पाण्यात गेले असे नाही का? आम्ही म्हणू, नाही. ज्याचे घर जळून पडले आहे, त्याच्यासमोर निवड अशी नसतेच. त्याला जाणे भागच असते. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, विहीर साफ झाली, शाळेची घंटा वाजली, की मग प्रथमच तो म्हणू शकतो, 'मी जातो' किंवा 'मी राहतो'. त्याने कुलूप लावून मेलबर्नचा रस्ता धरला, तरी त्या घराने आपले काम केलेले असते. हुसकून लावलेल्याला त्याने स्वतःचा निर्णय स्वतः घेणारा माणूस बनवलेले असते.

मात्र भिंतींनी सगळे होत नाही. घर परत मिळाले तरी शेजारी परत मिळायचा असतो. मोसुलमध्ये २०१८पासून युनेस्कोने हाती घेतलेल्या कामात अल-नूरी मशीद आणि तिचा झुकता मिनार यांच्याबरोबरच दोन चर्चेस पुन्हा बांधण्यात आली, आणि त्यांचा खर्च संयुक्त अरब अमिरातींनी, म्हणजे एका मुस्लिम देशाने, उचलला. मोसुलच्याच तरुणांनी तेथे गवंडीकाम व सुतारकाम शिकत दोन्ही धर्मांची देवळे उभारली. अशा कामाचे मोल आम्हांला अधिक वाटते. केवळ आपल्याच लोकांना दिलेली मदत भूक भागवते, पण शेजाऱ्याच्या मनातला हेवा वाढवून उद्याच्या भांडणाचे बीही पेरू शकते. विटा रचण्याबरोबर न्यायही हवा. लुटलेले परत केले जावे, गुन्हेगाराला न्यायालयात उभे केले जावे. क्षमेचा उपदेश त्यानंतर शोभतो.

शेवटी पवित्र शास्त्राकडे वळावेसे वाटते, कारण आपल्या प्रभूचे बालपणच निर्वासिताचे होते. हेरोदाच्या भयाने इजिप्तला गेलेले ते कुटुंब हेरोद मेल्यावर परतले, एवढे आपल्याला आठवते. पण मत्तयाने पुढची एक गोष्ट नोंदवली आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. यहुदीयात आता हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो, हे ऐकल्यावर योसेफ तेथे जाण्यास भ्याला. स्वप्नात सूचना मिळाल्यावर तो गालीलकडे वळला आणि नासरेथ गावी स्थायिक झाला. बेथलेहेम हे दावीदाचे नगर, वचनांचे गाव. तरी योसेफाच्या भीतीला देवाने भ्याडपणा ठरवले नाही. त्या भीतीचा मान राखून त्याला दुसरी वाट दाखवली. आज आपण प्रभूला नासरेथकर म्हणतो. मोसुलच्या भिंतींवरील 'नून' या अक्षराच्या मुळाशीही हेच नाव आहे.

म्हणून पुढच्या वेळी अशा एखाद्या निधीसाठी पेटी फिरेल, तेव्हा आपण सढळ हाताने द्यावे आणि हिशेबही जरूर विचारावा. मात्र 'किती कुटुंबे परतली?' एवढ्यावरच थांबू नये. जी परतली ती स्वतःच्या मनाने परतली काय, जी दूर गेली त्यांना तेथे कोणी दार उघडले काय, आणि आपल्या स्वतःच्या गावात उद्या असे एखादे कुटुंब भाड्याने खोली शोधत आले, तर त्याला आपण काय सांगणार आहोत, हेही विचारावे. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समितीकडे नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.