सोबत, वेग आणि जपान

मित्रांचा गट करून टोकियो, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा अशी शहरे आठ-दहा दिवसांत पाहून येणे ही निव्वळ सहल होय, तिला प्रवास म्हणता येणार नाही, असे मत प्रवासाविषयी गांभीर्याने बोलणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. सोबत असली की माणूस घरचेच वातावरण बरोबर घेऊन हिंडतो आणि परका देश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हा त्या मताचा गाभा आहे. गर्दी आणि छायाचित्रांचा सोस या तक्रारी सर्वांच्या परिचयाच्या असल्याने त्या बाजूला ठेवल्या, तरी सोबतीवरचा हा आक्षेप खुद्द जपानच्या इतिहासात टिकत नाही.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीच्या काळात, गावोगावी ‘को’ नावाची यात्रामंडळे असत. सभासद वर्गणी साठवत, चिठ्ठ्या टाकून काही जणांची निवड होई, आणि ते सर्वांच्या वतीने इसेच्या देवस्थानाला जाऊन मागे राहिलेल्यांसाठी देवाच्या नावाची पत्रे घेऊन येत. जिप्पेन्शा इक्कू यांनी १८०२ पासून भागाभागाने प्रसिद्ध केलेली लोकप्रिय विनोदी प्रवासकथा याजी आणि किता या दोन मित्रांचीच आहे. एकांतप्रवासाचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो कवी बाशोसुद्धा १६८९ मध्ये उत्तरेकडे निघाला तेव्हा त्याचा शिष्य सोरा बऱ्याचशा वाटेवर त्याच्याबरोबर होता.

सोबतीमुळे दृष्टी मंदावते हेही सरसकट खरे नाही. क्योटोतील र्योआन-जी या झेन मंदिराच्या बागेत पांढऱ्या खडीवर पंधरा दगड अशा रीतीने मांडलेले आहेत, की ओसरीवर कोठेही बसले तरी एखादा तरी दगड दुसऱ्याआड जातो. खडीवर दाताळ्याने ओढलेल्या समांतर रेषा, पलीकडची जुनी मातीची भिंत आणि तिच्यावरून डोकावणारी झाडे यांच्याकडे पाहत चार मित्र ओसरीवर अंतराअंतराने बसले, तर एकाला न दिसणारा दगड दुसऱ्याला दिसतो, आणि त्याविषयी ते दबक्या आवाजात बोलू लागले की ती बाग एकट्याला दिसली असती त्याहून अधिक दिसते.

मात्र येथे सोबत आणि वेग यांत भेद करावा लागतो. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योटोला जाणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावर ५३ ठाणी होती आणि पायी जाणाऱ्याला सुमारे दोन आठवडे लागत. १ ऑक्टोबर १९६४ रोजी त्याच मार्गावर शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाली आणि आज ते अंतर सव्वादोन तासांत कापले जाते. या गाडीतील आसने फिरवून समोरासमोर करता येतात, त्यामुळे मित्रमंडळी एकमेकांकडे तोंड करून डबे उघडतात, गप्पा रंगतात, आणि खिडकीबाहेरचा देश नजरेआड होतो. जुन्या सोबतीला वाटेतला प्रत्येक मुक्काम बोलण्याचा विषय पुरवत होता. वेगाने तो विषय काढून घेतल्यावर मंडळी घरच्याच विषयांकडे वळतात. एकट्या प्रवाशाचे असे होत नाही असे नाही, पण गटाचे फार लवकर होते, आणि तेवढ्यापुरता आक्षेपकांचा मुद्दा मान्य करावा लागतो.

हिरोशिमात ही हानी सर्वांत जास्त जाणवते. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने होरपळलेला, आतले अन्न कोळसा होऊन राहिलेला एक जेवणाचा डबा तेथील शांतता स्मारक संग्रहालयात ठेवलेला आहे. त्याच्यासमोर हसतखेळत आलेले गटही गप्प होतात. या मौनानंतर मित्रांनी एकमेकांशी काही बोलावे, किंवा न बोलता बरोबर बसावे, यासाठीच सोबत असते. परंतु बहुसंख्य कार्यक्रमांत हिरोशिमा हा एका दिवसाचा फेरफटका असतो, आणि त्याच संध्याकाळी सुमारे दीड तासात मंडळी ओसाकात, दोतोनबोरीच्या झगमगत्या खाऊगल्लीत उभी असतात. दुःखाला आणि मैत्रीलाही पुरेसा वेळ न देणारी ही आखणी सदोष आहे.

म्हणून जपानला निघणाऱ्या मित्रमंडळींनी गट मोडू नये, शहरे कमी करावीत. आठ-दहा दिवसांत तीन पुरेत, आणि त्यांत हिरोशिमा असेल तर तेथे एक रात्र मुक्काम करावाच.